सिमेंटचा वाघ

कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत, केळापूरकडच्या एका जंगलाच्या गेटावर ती आम्हाला गाईड म्हणून मिळाली. साडीवर खाकी शर्ट आणि कापूस वेचून बोंडांनी ओरबाडलेली बोटं. जनावर दिसलं की ती हनुवटीनेच दाखवायची. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परतताना सगळे गेटाजवळच्या सिमेंटच्या वाघासोबत फोटो काढायला धावले. ती आधी पदराने वाघाचं तोंड पुसून आली.

"हा गावाने बसवला का?" मी विचारलं.

"गावाची समिती हाय, मी बी हावो तिच्यात. डुकरं सारी कपाशी लोळवून राह्यले, म्हून गेटाच्या तिकिटाच्या पैशातून वावराले कुंपण मागतलं आमी. फारेस्टचे साहेब म्हणे, पर्यटक कुंपण पाहाले येतेत का? अन् हा आणून बसवला."

"मग वाघाच्या ठरावावर तुम्ही सही कशाला केलीत?"

"सही आमी कुंपणाच्या ठरावावर केलती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाघाच्या वर पाटी झळकत होती, 'ग्रामस्थांच्या सहभागातून'. लाज कशी वाटत नाही या साहेबांना?

फोटो झाले. तिने वाघापुढचं लहान फाटक ओढून कडी लावली. पोरं वर चढू नयेत म्हणून त्या वाघाभोवती चारी बाजूंनी तारेचं नवंकोरं कुंपण होतं.