मामा आजारी नव्हते

मामा आजारी नव्हते. नांदेडच्या सभागृहात माईक हातात धरून ते आजारी असल्याचं मी सांगितलं, आणि सांगताना आवाज थोडा हळवाही केला. मागून तिसऱ्या रांगेत ते बसले होते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर खोटं बोललो नसतो. माझा प्रामाणिकपणा एवढाच.

आमचा समूहगानाचा संच लातूरचा. निवृत्त बँकवाले, एक प्राध्यापक, दोन-तीन दुकानदार आणि शाळेत संगीत शिकवणारा मी. आम्ही गावाच्या रेल्वेचा अभिमान गात असू आणि छोट्या नॅरोगेज लाइनच्या आठवणीनं डोळे पुसत असू. ती गाडी धावत होती तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना तिच्यात बसायची लाज वाटायची. बंद पडली आणि ती आमची आई झाली. आम्ही निळी जाकिटं शिवली, गळ्यात शिट्ट्या अडकवल्या. साडीच्या दुकानाचे एक मालक गाणं संपेपर्यंत हिरवी झेंडी हलवत राहत. खऱ्या गार्डानं तसं केलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं.

या देखाव्यात मामा आले; वयामुळं सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळचे रेणापूरकडचे, उभी नोकरी नांदेडच्या बाजूला रुळांच्या गँगमध्ये. पंधरा माणसं पहारी लावून रूळ सरकवतात तेव्हा एकजण हाळी देतो आणि तिच्यावर सगळ्यांचा जोर एकाच क्षणी पडतो. हाळी चुकली तर कुणाचा तरी पाय जातो. मामा ती हाळी द्यायचे.

"सासरा आला – हैसा! सरक म्हनला – हैसा!"

प्राध्यापकांनी सासरा काढून तिथं 'प्रगती' घातली. मी पेटीवर चाल बसवली आणि ती भारदस्त वाटावी म्हणून ठेका संथ केला. पहिल्याच तालमीला मामा हसले.

"सर, या ठेक्यावर रूळ हालत न्हाई. मानूस झोपतंय."

सगळे हसले. मीही हसलो आणि ते मनात धरून ठेवलं. मग कसं असतं ते दाखवायला मामांनी मूळ हाळी दिली. खिडकीची काच थरथरली, आणि त्या आवाजाशेजारी माझा इतक्या वर्षांचा रियाज उघडा पडला.

नांदेडला रेल्वेच्या एका सोहळ्यात आमचं गाणं ठरलं, तेव्हा त्यांचं मागणं एकच होतं. "नांदेडला माझ्या गँगची मानसं हायत. त्यायच्या पुढं एकदा म्हनू द्या. मग नका घेऊ मला."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. "गाडीत जागा नाही, मामा. पुढच्या वेळी बघू." संचाला सांगितलं, मामांना बरं नाही. कुणी 'काय झालंय' असंही विचारलं नाही. रेल्वेचे गोडवे गायला आम्ही भाड्याच्या ट्रॅव्हल्सनं निघालो, एसी लावून, पडदे ओढून. पाच जागा रिकाम्या होत्या. त्यांच्यावर जाकिटं ठेवली, चुरगळू नयेत म्हणून.

गाडीत जागा नाही म्हटल्यावर मामा आपले रेल्वेनं आले. परळी-परभणीचा वळसा घेऊन. रेल्वेच्या त्या सोहळ्याला रेल्वेनं आलेला बहुधा तो एकच माणूस. गाडी लेट झाली, ते सभागृहात येऊन टेकले तोवर आम्ही मंचावर होतो. मग मी ती घोषणा केली आणि त्यांची हाळी माझ्या संथ ठेक्यात म्हटली. टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर त्यांच्या गँगची चार म्हातारी माणसं मामांना घेरून उभी होती.

"काय रे, आजारी म्हनं तू! चांगला ठणठणीत दिसून राहिला की!"

"माईक बघून सिक मारली ह्यानं!"

गँगमध्ये खोटं आजारपण काढून घरी बसण्याला 'सिक मारणं' म्हणतात. एकानं सिक मारली की त्याच्या वाट्याचा रूळ बाकीच्यांच्या खांद्यावर येतो. त्या लोकांत याहून मोठी शिवी नाही. मामांनी अख्ख्या नोकरीत ते एकदाही केलं नव्हतं. ते गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले.

"सर, मला काय झालंय? मला तरी सांगा."

"नंतर बोलू, मामा," मी म्हणालो आणि फोटोसाठी रांगेत जाऊन उभा राहिलो. तो फोटो अजून आमच्या ग्रुपवर आहे. शिट्टी मीच तोंडात धरली आहे.

महिनाभर मी त्यांच्या गल्लीतून जाणं टाळलं. शेवटी गेलो. मामा लसूण सोलत बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"मला कामून सांगून राहिले? मला ठावं हाय मी आजारी नव्हतो. त्यायला सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रेल्वेनं नांदेडला गेलो. वाटेत ते खिडकीतून रुळांकडं बघत राहिले आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत राहिलो. स्टेशनाजवळच्या त्यांच्या रोजच्या हॉटेलात ती चौघं चहा पीत होती. मामांना बघून एकजण म्हणाला, "आली का तब्येत जाग्यावर?" मामा बसले नाहीत. मीही उभाच राहिलो.

"यांनी सिक मारली नव्हती," मी म्हणालो. "हे गायलाच येणार होते, तुमच्यासमोर. गाडीत जागा होती, मी नाही म्हटलं. यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, ते मला सोसलं नाही, म्हणून मी यांना आजारी पाडलं. मामा, तुमची माफी मागतो. यांच्यासमोर मागतो."