रेबुनच्या बोटीवरून दिसलेला नारळ

आधीच सांगतो, या विभागात मी आजवर फक्त खोचक प्रतिसाद दिलेत. कोणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की "किती पेग झाले होते?" असं विचारणारा तो मीच. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही पुरता नाही. पण गेलं वर्षभर एक गोष्ट घशात अडकून बसली आहे. हसायचं तर हसा... मीही हसलो असतो.

मी जपानात कावासाकीला आयटीत आहे, अकरा वर्षं झाली. माझी आई मुरुडची, समुद्राचं भारी वेड. तिला जपानचा उत्तरेकडचा समुद्र बघायचा होता. दोनदा तिकिटं काढायचं ठरलं आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "आई, रिलीज आहे गं, पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी ती नव्हती. मग बाबा एकटेच आले. बायकोला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच होक्काइदोच्या पार वरच्या टोकाला, वाक्कानाईला गेलो. तिथून रेबुन बेटाला बोट जाते, दोन तासांची. जून महिना, तरी अंगात जाड जॅकेट.

आईचा एक नेम होता. राजपुरीची होडी असो की भाऊच्या धक्क्यावरची लाँच, बसायच्या आधी समुद्राला नारळ द्यायचा. "त्याच्या पाठीवर बसणार, तर विचारायला नको?" म्हणायची. बाबांनी तिच्या वतीने टोकियोतल्या भारतीय दुकानातून नारळ घेतला होता. सकाळी हॉटेलात त्याला हळदकुंकू लावलं, वर लाल नाडाछडी गुंडाळली. कुंकू लावताना त्यांचा हात घसरला आणि बोट शेंडीपर्यंत ओढलं गेलं. ती वाकडी लाल रेघ लक्षात ठेवा.

टर्मिनलवर मी सुरू झालो. "बाबा, इथे समुद्रात काही टाकत नाहीत. कोणी व्हिडिओ काढला तर माझी नोकरी जाईल."

"अरे, कचरा आहे का तो?"

"यांच्या लेखी कचराच. द्या इकडे. क्रूला विचारून मी सोडतो."

"सोडशील ना नक्की? तिचा आहे तो."

"हो हो, बाबा."

ते टॉयलेटला गेले. मी कोणालाही विचारलं नाही. कोपऱ्यात कचऱ्याचे डबे होते. अकरा वर्षांत हाताला लागलेली सवय – बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल वेगळं. नारळाची पिशवी प्लास्टिकच्या डब्यात टाकली, नारळ 'मोएरु गोमी'त, म्हणजे जळाऊ कचऱ्यात. नाडाछडी सुती की पॉलिस्टरची ते कळेना, म्हणून ती सोडवून खिशात घातली. आईच्या नारळाचं मी रीतसर वर्गीकरण केलं! बाबा परत आले तेव्हा मी मशीनमधून कॉफी काढत होतो.

बोटीवर गालिचा घातलेली एक मोठी खोली होती. बूट काढून लोक तिथे सरळ आडवे झालेले. एरवी बाबा त्यावर काहीतरी बोलले असते, पण ते तडक डेकवर गेले आणि रेलिंगला धरून उभे राहिले. शेजारी एक जपानी आजी दुर्बिणीतून पक्षी बघत होत्या. त्यांनी बाबांना चघळायला एक गोळी दिली आणि पाण्यातून वर आलेलं सीलचं डोकं दाखवलं. समोर शेजारच्या रिशिरी बेटाचा डोंगर, माथ्यावर बर्फ. आई असती तर नुसती बघत बसली असती.

सुटून तासभर झाला असेल. आजी एकदम म्हणाल्या, "आरा! याशी नो मी?" म्हणजे, अगंबाई, नारळ?

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. बोटीच्या पुढून, बेटाच्या बाजूने, काहीतरी तरंगत येत होतं. मागून नव्हे... पुढून. दक्षिणेतले नारळ प्रवाहाबरोबर कधीकधी इथवर येतात, हे मी वाचलेलं आहे. पण ते हळदकुंकू लावून येत नाहीत. लाटेवर तो वळला आणि शेंडीपर्यंत गेलेली वाकडी लाल रेघ मला स्वच्छ दिसली. कुंकू ओलंसुद्धा झालेलं वाटत नव्हतं. नाडाछडी नव्हती. ती माझ्या खिशात होती.

बाबांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं, आजींना परत केली आणि हात जोडले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तूच सोडलास ना रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो, बाबा. क्रूला विचारून." दुसरं वाक्य तर कोणी मागितलंही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. पुढचे दोन दिवस ते फार कमी बोलले. आईच्या आठवणीत असतील असं मी सोयीस्करपणे धरून चाललो.

परतताना मी टर्मिनलवरच्या सफाईच्या बाईंना गाठलं. त्या दिवशी डब्यातली पिशवी त्यांनी नेहमीसारखी संध्याकाळी बदलली होती. त्याआधी कोणी हात लावायचं कारण नव्हतं. नारळ? त्या हसल्या. "असता तर लक्षात राहिला असता."

फेब्रुवारीत ठाण्याच्या घरी बाबा झोपेतच गेले. तेराव्यानंतर धाकटी बहीण मंजिरी चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसली.

"दादा, तू तो नारळ कचऱ्यात टाकलास ना? बाबांनी पाहिलं होतं. टॉयलेटच्या दारातून."

मला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. "मग मला बोलले का नाहीत?"

"बोटीवर विचारलं म्हणे तुला. त्यांना वाटलं, खरं सांगशील. तू हो म्हणालास."

"आणि तो समुद्रात दिसला, त्याचं काय म्हणाले?"

मंजिरीने कप खाली ठेवला. "म्हणाले, तुझ्या आईने आपला नारळ आपणच नेला. दोनदा पोरावर विसंबली होती, तिसऱ्यांदा नाही विसंबली."

प्रवाह, योगायोग, अपराधी मनाचे खेळ... काय लिहायचं ते खाली लिहा, मी वाचेन. त्या आजींनाही तो दिसला होता, एवढंच मी सांगू शकतो. नाडाछडी अजून ड्रॉवरमध्ये आहे. जळाऊ कचरा उचलून नेण्याचा दिवस आला की मी ती बाहेर काढतो, आणि परत आत ठेवतो.