दादाने तोलून घेतलेली बॅटरी

माझी नोकरीच मुळी धूळ शोधायची. कुसगावच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. पोरींनी खोली झाडून-पुसून दिली की मी पाठोपाठ जाते आणि टीव्हीच्या मागे, पडद्याच्या दांडीवर, पलंगाच्या उशाशी बोट फिरवते. बोटाला काही लागलं की माझं तोंड सुटतं. माझ्यामागे पोरी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण धुळीवर माझा जुना राग आहे. माझ्या थोरल्या भावाची अख्खी उमेद खडी मशीनवर गेली.

दगड फुटताना जो बारीक चुरा उडतो त्याला आमच्याकडे कच म्हणतात. दादा संध्याकाळी घरी यायचा तो भुवया-पापण्यांसकट राखाडी होऊन. आई त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे, आधी अंगणात आंघोळ. कपडे झटकायचं काम माझ्याकडे होतं. कितीही झटकले तरी शिवणीत कच राहायचीच, आणि जेवताना दाताखाली यायची. पुढे कितीतरी वर्षांनी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. शिवणीत राहिली तशी ती त्याच्या छातीतही राहिली होती. ही आता निघायची नाही, आहे त्यात सांभाळा, असं ते म्हणाले.

मशीन सुटली तशी दादाने होडी धरली. घर पवना धरणाच्या काठावरच. वहिनी गेलेली, मुलगी सासरी. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे उचलायची, कामशेतचा माणूस येऊन मासळी घेऊन जायचा. मी रविवारी भाजीपाला घेऊन जायचे आणि त्याच्याशी भांडून परत यायचे. लोणावळ्याला माझ्याकडे ये, म्हणून मी किती वेळा सांगितलं.

"पान्यावर धूळ न्हाई," तो म्हणायचा. "तितं मला दम लागत न्हाई."

यातलं पहिलं खरं होतं. दुसरं धडधडीत खोटं. मी काठावर उभी राहून पाहिलं होतं. चार हात वल्हं मारायचा आणि मग वल्हं मांडीवर आडवं टाकून वाकून बसायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पाण्यात काही शोधतोय. पण होडी हेच त्याचं उरलेलं होतं. तिथे त्याला कोणाला हाक मारावी लागत नव्हती, कोणी त्याला बस म्हणत नव्हतं. होडी सुटली की हा माणूस खाटेला लागणार, हे मला दिसत होतं. म्हणून ती सुटू नये यासाठी मी हातपाय हलवायला लागले.

आमच्या हॉटेलने एकेकाळी पाहुण्यांना मासे धरायला न्यायची हौस केली होती. ती हौस फिटली आणि होडीला लावायची करंटवरची छोटी मोटर स्टोअरमध्ये पडून राहिली. मॅनेजरच्या मागे लागून मी ती मिळवली. पेट्रोलचं इंजिन दादाला चालणारच नव्हतं, धुराने खोकल्याची उबळ यायची. ही मोटर गुणाची होती. होडीच्या कडेला अडकवायची, दांडा पिळला की गुपचूप चालते. अडचण होती ती बॅटरीची. सोबत आलेली बॅटरी शिशाची, गाडीला असते तसली, पण त्याहून थोराड. होडीवर ठेवली तर चोरीला जाणार, आणि चार्ज करायला घरी आणायलाच हवी. उतारावरून ती न्यायला दोन माणसं लागत. शेजारचे द्यायचे हात, पण दादाला ते जिव्हारी लागायचं. एकदा कोणी आलं नाही तर तो ती जमिनीवरून ओढत घेऊन गेला.

"लिथियमची घेऊ," मी म्हटलं. "हलकी असते."

मग महिनाभर मी फोनवर तेच पाहत होते. बोटीच्या बॅटऱ्यांवर व्हिडिओ करणारी माणसं जगात इतकी असतील असं वाटलं नव्हतं. चांगल्या कंपनीची बॅटरी आमच्या आवाक्यातली नव्हती, तेव्हा स्वस्तातलीच घ्यायची हे ठरलेलं. आणि स्वस्तातली घेणाऱ्यांना सगळे एकच बजावत होते. आकड्यावर जाऊ नका, वजन करून बघा. खोक्यावर शंभर अँपिअर कोणीही छापतो, आत सेल कमी भरतो. सेल कमी असले की वजन कमी भरतं. हे मी दादाला वाचून दाखवलं. तो पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर खूश झाला.

"मंग? जडात माल असतोय. मी काय येगळं म्हनतोय?"

तळेगावच्या पलीकडे, एमआयडीसीच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये अशा बॅटऱ्या जोडून विकतात, असं कळलं. दोघं गेलो. दादाने पिशवीतून मासळी तोलायचा, आकडा लावून लटकवायचा काटा काढला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काट्याला वाळलेले खवले चिकटलेले. पण शेडवाला हसला नाही. त्याने आदराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. बहुधा वजन करणारे आम्ही पहिले नव्हतो.

एक बॅटरी लहान आणि हलकी. तिच्यावर आकडाही लहान आणि किंमत मात्र जास्त. दुसरी मोठी, आकडा मोठा आणि किंमत कमी. माझा जीव पहिलीवर. दादाने शेडच्या तुळईला काटा टांगला आणि दोन्ही तोलल्या. दुसरी अगदी व्हिडिओत सांगितल्याइतकी भरली, रतीभरही कमी नाही.

"भाऊ, ही घेऊन तुम्हाला चढ चढायचाय ना?" आमच्याकडून वाटेचं ऐकून शेडवाला दादाला म्हणाला. "मग झेपेल ती घ्या." याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तो काळजीने बोलत होता.

"दादा, हलकी घेऊ," मी म्हटलं. "जवळच जाळी टाक. तेवढ्याला पुरेल."

"जवळ मासा ऱ्हातोय व्हय? उन्हाळ्यात पानी मागं गेलं की लांबच जावं लागतंय. अर्ध्यात थांबली तर तू येनार हायेस वल्हं मारायला?"

काटा त्याच्या बाजूने होता, व्हिडिओ त्याच्या बाजूने होता, माझ्याकडे नुसती काळजी होती. जड बॅटरी घेतली. तरी शिशाच्या बॅटरीच्या निम्मीच जड होती, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

बॅटरी चालली. हे सांगायलाच हवं, कारण त्या दोन-तीन महिन्यांत दादा जेवढा आनंदात होता तेवढा मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. गोणीला पट्टे शिवून त्याने पाठीवर घ्यायची झोळी केली. पहाटे बॅटरी पाठीवर, जाळी खांद्यावर. होडी आवाज न करता सरकायची आणि हा दांड्याला हात लावून नुसता बसलेला. फोनवर मला म्हणाला, "साहेब झालोय, साहेब."

पण धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं. तशी घरापासून होडीपर्यंतची वाट लांबत जाते, आणि ती सगळी चिखलाची, भेगांची. जाताना उतार, येताना चढ. एका रविवारी मी लवकर पोचले तर तो वाटेत दगडावर बसलेला दिसला, झोळी पाठीवर तशीच. उतरवून ठेवली तर पुन्हा उचलता येणार नाही, म्हणून तशीच ठेवली होती. ओठ काळेनिळे. मी झोळी ओढून घेतली आणि माझ्या पाठीवर टाकली. घरापर्यंत जाईस्तोवर माझे खांदे भरून आले. सगळ्या वाटेने मी त्याला बोल लावत होते, हलकी घेतली असती तर, हलकी घेतली असती तर.

मागून तो म्हणाला, "जड हाय म्हनूनच चालतीय ना?"

वैशाखात ती थांबली. पाणी इतकं मागे गेलं होतं की दादाने जाळी पार पलीकडच्या कड्याखाली टाकली होती. तिथपर्यंत तो आधी कधी गेलाच नव्हता. जाळी उचलली, परत फिरला आणि मधोमध मोटर बंद पडली. जुनी शिशाची दमायला लागली की मोटरचा आवाज बसायचा, होडी मंदावायची, माणसाला माघारी वळायला वेळ मिळायचा. हिने काहीच सांगितलं नाही. चालता चालता गप्प झाली. ऊन चढलं, वारा सुटला, होडी पलीकडे ढकलली जाऊ लागली. दादाने वल्हं घेतलं. किती वेळ मारलं ते त्यालाही सांगता आलं नाही. दुपारी काठावर गुरं राखणाऱ्या मावशींना होडी चिखलाला लागलेली दिसली. दादा आत आडवा पडला होता. झोळीचा पट्टा तेवढा हातात धरलेला.

आधी कामशेत, मग तळेगावचं मोठं हॉस्पिटल. घरी आला तो ऑक्सिजनच्या मशीनसकट. नाकात नळी, उशाशी ते घरघरणारं खोकं. मी रजा टाकून तिथेच राहिले. पाणवठ्याकडची खिडकी मला लावून घ्यायची होती, पण त्याने लावू दिली नाही. बोलायला दम पुरत नव्हता तरी त्याचं एकच चाललं होतं.

"बॅटरी दुरुस्त करून आन. पाऊस झाला की पानी वर येतंय. मंग वाट ऱ्हात न्हाई. दारातनंच जाता येतंय."

पाऊस पडून धरण भरेपर्यंत तो राहायचा नाही, हे डॉक्टरांनी मला दाराबाहेर सांगितलं होतं. तरी मी बॅटरी घेऊन कामशेतला गेले. बॅटरी दुरुस्त झालेली पाहायला मिळाली असती तर त्याला तेवढाच आधार झाला असता.

ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या दुकानात खोकं कापायला दिलं. दुकानदाराने वरचं झाकण करवतीने उडवलं आणि आत डोकावला. वरच्या अर्ध्यात निळे सेल होते, वायरींनी जोडलेले. खाली पुठ्ठा. त्याने पुठ्ठा उचकटला. खाली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, गोंदाने तळाला चिकटवलेली, गच्च भरलेली.

"ताई, अर्धीच बॅटरी आहे ही," तो म्हणाला. "खाली वजनाला काहीतरी भरलंय."

मी हात घालून पिशवी ओढली. ती फाटली आणि माझ्या बोटांवरून राखाडी, करकरीत चुरा सांडला. ओळखायला मला कोणाची गरज नव्हती. लहानपणभर मी तो झटकला होता. खडी मशीनची कच होती.

मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. मासळी घेताना गिऱ्हाईक माशाचं पोट दाबून बघतं, आत काही भरलंय का म्हणून. बॅटरीचं पोट कुठून दाबणार? रोज पहाटे जाताना ती पाठीवर आणि येताना पाठीवर. ज्या दगडाने त्याचा श्वास खाल्ला, तोच दगड त्याच श्वासावर तो वाहत होता, आणि माल आहे म्हणून खूश होता. मला रडू आलं नाही. त्या शेडवाल्याच्या तोंडात ती कच कोंबावी असं वाटलं. तशीच उठून शेडवर जाऊनही आले. पत्र्याच्या दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्याला कोण कुठे गेलं ते ठाऊक नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये मी खोटं तयार केलं. घरी पोचले तेव्हा दादा उशांना टेकून बसला होता. माझी वाटच पाहत होता.

"काय निगालं?"

"सेल गेलेत," मी म्हटलं.

"समदे?"

"सगळे. उन्हाने. दुरुस्त होणार नाही म्हणाला."

त्याने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाला, "पर भरलेली व्हती न्हवं?"

"गच्च भरलेली होती."

"मी म्हनलो व्हतो." त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. आयुष्यभर मी त्याच्या एकाही शब्दाला उलट उत्तर दिल्याशिवाय राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले, आणि त्याला बरं वाटलेलं पाहून मलाही बरं वाटलं.

त्याने पाणी मागितलं. मी पेला त्याच्या तोंडाशी धरला. दोन घोट घेऊन त्याने पेला बाजूला सारला आणि माझं मनगट धरलं. त्याची नजर माझ्या बोटांवर होती. दुसऱ्यांच्या खोल्यांत बोट फिरवत हिंडणारी मी, मला स्वतःचे हात धुवायचं सुचलं नव्हतं. त्याने माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला, मग आपल्याच दोन बोटांत तो चुरा चोळला, आणि खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला. कितीतरी वेळ पाहिला.

मग त्याने माझा हात सोडला.

"हात धू आदी," तो म्हणाला. "झटकू नगंस. पान्यानं धू. छातीत जाती ती."