कुर्लीचे डेंगे

"दाखव रे पावण्यांका तुझे डेंगे!"

होडीचा मालक ओरडला आणि मी दोन्ही हात वर केले. एकेका हाताला दोनच बोटं, मधे तळव्यापर्यंत चीर. जन्मापासून. कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्यांना आमच्याकडे डेंगे म्हणतात. मालकाने माझ्या हातांचं बारसं तसंच केलं होतं.

एक बाई किंचाळली. पोराला मागे ओढलं. मग तिनेच मोबाईल काढला. होडी भरली.

पुढचं काम माझं. मालवणच्या जेटीवर माझ्याइतका थापाड्या समुद्रानेसुद्धा पाहिला नसेल. "मी पोटात, आणि आवशीने ग्रहणात कुर्ली चिरली! रिक्षाएवढी! मरता मरता शाप देऊन गेली!" दर हंगामाला कुर्ली वाढायची. शेवटी ती होडीएवढी झाली आणि आवशीशी कडाकडा भांडायला लागली. पावणे पोट धरून हसायचे. मीही.

खरी कुर्ली वीतभर होती. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरायचं नसतं. आवस भुकेली होती, तिने चिरली. माझे हात बघितले आणि मरेपर्यंत पुन्हा कुर्ली तोंडात घातली नाही. माझी चार बोटं कुरवाळत म्हणायची, "माझा चुकला रे, झिला."

तेच मी जेटीवर विकत होतो.

मग मला मुलगी झाली. हात हेच. शेजारीण दारातूनच बायकोला म्हणाली, "गिराणात काय चिरलंस गो?"

"गिराण लागलाच खंय?"

कोण ऐकतो! माझीच थाप माझ्या उंबऱ्यात येऊन बसली होती.

कुडाळचे डॉक्टर म्हणाले, "हा जनुकातला दोष आहे. बहुधा तुमच्यापासूनच सुरू झाला. पुढच्या प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी."

"आणि माझ्या आवशीन चिरली ती कुर्ली?"

"तिचा काही संबंध नाही."

आवस जाऊन दोन वर्षं झाली होती. हे आता कुणाला सांगू?

हंगाम सुरू झाला. मालक म्हणाला, "चेडवाक घेवन ये. बापूस-चेडू जोडयेन उभी रवलात तर होडी दोनदा भरतली."

माझ्या जिभेवर एरवी चाळीस थापा तयार. त्या दिवशी एकही आली नाही.

"नाय. माझ्या आवशीन कुर्ली चिरली आणि खाल्ली. गोष्ट संपली."

"मगे तूय येव नको."

गेलो नाही. या हातांना दुसरं काम कोणी देत नाही. मुलीला वाडीत बारकी कुर्ली म्हणतात. अजून तिला कळत नाही. कळेल.

बायकोला पुन्हा दिवस गेलेत. ग्रहण लागणार आहे. शेजारीण आतापासूनच दारं लावायला सांगून गेली. मी म्हटलं, मी अंगणात बसून कुर्ली चिरणार. बायको म्हणाली, "विळी माका दी. मी चिरतलंय."

दार सताड उघडं राहील. मूल कसंही येवो. विचारायला येईल त्याला मी हे हात दाखवीन, या वेळी कोणी न सांगता. हे माझ्याकडून आलंय. आईला विचारायचं नाही.