दुभाजकाचे नट खोलणारा माणूस

काही गुन्हे फायलीत जाऊन झोपतात. हा गुन्हा अजून माझ्या कानात वाजतो, तोही फटफटीच्या आवाजात. माणसांची नावं घेणार नाही. एका म्हशीचं मात्र घेईन, कारण ती बदनामीचा दावा लावणार नाही.

कागलच्या बाजूला महामार्गाचं रुंदीकरण चाललं होतं. चौपदरी रस्ता सहापदरी होत होता आणि मी मनापासून त्या कामाच्या बाजूचा होतो. उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर, दुचाक्या एकमेकांत घुसायच्या आणि गावची माणसं त्यातूनच पळत पलीकडे जायची. तिथे मी इतके पंचनामे केले होते की त्या वळणावर जीप आली की माझं बोलणं थांबायचं. म्हणून मधोमध दुभाजक झाला, त्यावर लोखंडी जाळी बसली आणि गावासाठी खालून भुयारी रस्ता निघाला, तेव्हा चौकीत मी स्वतः पेढे वाटले.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच ठेकेदाराचा सुपरवायझर धापा टाकत आला.

"साहेब, चोरी झाली."

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही."

आमच्या हवालदाराने उचललेलं पेन खाली ठेवलं. "मग फिर्याद कशाची लिवू, पावणं?"

जागेवर गेलो. जाळीचा एक गाळा मोकळा होता. कापला नव्हता, पान्याने खोलला होता. जाळी बाजूला नीट टेकवलेली, नट-बोल्ट डब्यात भरून शेजारी ठेवलेले. एवढा टापटिपीचा चोर मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. सुपरवायझरने जाळी परत बसवली. ती परत निघाली. त्याने वेल्डिंग मारलं, तर शेजारचा गाळा निघाला.

सगळी चौकी हसत होती. ते हसू एका सकाळी आटलं. मी तिथेच उभा असताना एक दुचाकी वळसा वाचवायला त्या भगदाडातून आडवी आली. नवरा, बायको, मध्ये लेकरू. समोरून कंटेनर. टायर जळल्याचा वास आला आणि कंटेनर बाईच्या पदरापासून हातभरावर थांबला. बाई रडली नाही. नुसती लेकराचं डोकं चाचपत राहिली.

आता प्रश्न जाळीचा राहिला नव्हता. इथे कोणीतरी मरणार होतं, आणि पान्यावाला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आत जाणार होता. दोघांनाही वाचवायचं तर तो माणूस लवकर सापडायला हवा होता.

पहिली खबर दिली रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्या चाचांनी. त्यांचं कुटुंब तिथं कैक वर्षांचं. रस्त्यावरून गेलेली गाडी ते न बघता ओळखायचे.

"साहेब, पुढनं फटफटी येती, सायलेन्सर काढलेली. तिच्या मागनं ट्रक गेल्यागत जमीन हादरती. खरं ट्रकाला दिवा न्हाय, हॉर्न न्हाय, इंजनचा आवाज बी न्हाय."

"कधी?"

"पहाटं फजरच्या नमाजाला उठतो की, तवा."

"बाहेर येऊन बघितलं नाहीत?"

"धुकं असतंय. आन् भूत निघालं तर त्याचं काय पंक्चर काढू व्हय?"

हवालदाराला पहाटे वाळूच्या ढिगाआड दबा धरून बसवला. तो चिखलाने माखून परत आला. "साहेब, अंगावरच आलं की!"

"काय आलं?"

"काळं!"

त्याच्या मोबाइलमध्ये धुकं आणि त्याचा स्वतःचा उजवा बूट एवढंच चित्रण होतं. आवाज मात्र लख्ख होता. फटफटीचा ठेका, त्यात मधूनच एक चुकलेला ठोका, आणि मागे खुरांचा धबधबा.

परगावचा अधिकारी इथे अडला असता. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात, शिंगं रंगवतात, आणि मालक सायलेन्सर काढलेली गाडी पुढे दामटतो. हजार गाड्यांच्या गोंगाटात म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागे पळते. आवाज ओळखते ती! मिशीला पीळ भरून फिरावं अशी ही गोष्ट. आता त्या आवाजाचा मालक शोधायचा होता.

गावातल्या सगळ्या म्हैसवाल्यांना चौकीत बोलावून जबाब घेतले. गाव मुकं झालं होतं. त्यातला एक साठीचा, भरघोस मिशांचा गवळी तेवढा खूप बोलला.

"म्या? आन् दुभाजक? साहेब, मला त्यो शब्दबी बोलाया येत न्हाय."

"आत्ताच बोललात की."

"ते तुमच्या तोंडचं ऐकून!"

विचारल्यापेक्षा जास्त सांगणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो. पण संशय हा पुरावा नव्हे. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि चालकाला म्हणालो, "जीपवर भोंगा चढव."

गणपतीच्या मिरवणुकीत ज्या भोंग्यावरून आम्ही गर्दी हटवतो, त्याला हवालदाराचा मोबाइल जोडला. सांजेला म्हशी घरी परतताना गावातून जीप निघाली आणि भोंग्यावर फटफटी वाजू लागली. लोक दारात आले. "काय साहेब, पाडवा लवकर आला काय?"

पहिल्या कळपाने आमच्याकडे पाहिलं, मतदार उमेदवाराकडे बघतो तसं. दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. मग कोरड्या ओढ्याच्या वळणावर एक दांडगी म्हैस थबकली. कान ताठ झाले. ती वळली आणि सगळा कळप घेऊन जीपमागे सुटली.

"साहेब, पळवू काय?" चालकाचा आवाज चिरकला.

"पळव, पण हळू. आरोपीची माणसं आहेत, मागे राहायला नकोत."

जीप चौकीच्या अरुंद फाटकातून आत घेऊन उभी केली. मागोमाग म्हशी एकेक करत आत शिरल्या आणि भोंग्याभोवती गोळा झाल्या. सर्वांत मागून आमचा मिशाळ गवळी, धोतर सावरत, ओरडत येत होता. "चंद्रे, फिर मागं! आपली गाडी न्हवं ती, पोलीस हाईत!"

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो पायरीवर बसला. "लिवा साहेब. मीच खोलतोय."

"का?"

"पाणी पलीकडं हाय, खाणीत. डुंबाया मिळंना तर म्हस दुधाला आटती. खालनं न्हेऊन बगितली की. फटफटी भुयारात गेली आन् आवाज चौबाजूनी घुमला. मालक पुढं हाय का मागं, त्यांस्नी कळंना. उधळली सगळी. चंद्री भिंतीवर घासून पडली. तवापास्नं तोंडबी आत घालत न्हाईत."

"मग गाडी ठेवून चालत न्यायच्या."

"फटफटीबिगर पाय उचलत न्हाईत. पाडव्याला माझाच कळप म्होरं पळावा म्हणून म्याच तशी सवय लावलीया. आता इकायचीच पाळी आली, साहेब."

मी त्याला कंटेनरपुढच्या बाईची गोष्ट सांगितली. "म्हसरं डुंबून माघारी आली की जाळी परत लावणार व्हतो. खरं एकट्याला उचलना." मग "लेकरू बरं हाय न्हवं?" एवढंच त्याने विचारलं.

मी खिडकीतून अंगणात बघत होतो. इतक्या अरुंद फाटकातून या म्हशी न बिथरता आत आल्या कशा? आवाज फाटकाच्या पलीकडे, एका जागी होता म्हणून. मी म्हणालो, "तुमची गाडी भुयारात न्यायचीच नाही. आधी पलीकडे नेऊन उभी करायची आणि तिथून वाजवायची."

भुयारात पाणी साचून अंधार असायचा, म्हणून गावही ते टाळायचं; सुपरवायझरने पाणी उपसून दिवे लावले. सकाळी गवळी पलीकडच्या तोंडाशी गाडी चालू करून उभा राहिला. अलीकडे म्हशींच्या मागे हवालदार हातात काठी आणि तोंडात देवाचं नाव घेऊन उभा. चंद्री तोंडाशी अडली. तिने हुंगलं, मान झटकली. पलीकडून गवळी हाका मारत होता. वरून कंटेनर धडधडत गेले. मग चंद्रीने एक पाय आत टाकला, आणि तिच्यामागे कळप शिस्तीत पार झाला. हवालदाराने मला कडक सॅल्यूट ठोकला. खरं तर तो म्हशींना ठोकायला हवा होता.

गुन्हा मी नोंदवला, दोषारोपपत्रही पाठवलं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान ते नुकसानच. न्यायालयाने गवळ्याला समज देऊन चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. कळप विकला गेला नाही.

तपासात "कोणी केलं" याचं उत्तर मिळालं की आम्ही पोलीस पेन खाली ठेवतो. त्या संध्याकाळी मीही ठेवलं असतं, तर गवळी कोठडीत गेला असता, जाळी बसली असती, आणि काही दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी पाना हातात घेतला असता. कारण त्या गावाला रोज पलीकडे जायचंच होतं. रस्ते रुंद व्हायला हवेत, जाळ्याही लागायला हव्यात. मी आजही तेच म्हणेन. पण ती जाळी माझ्या खटल्याच्या भीतीने टिकली, असा माझा गैरसमज नाही. खालून जाता यायला लागलं, त्या दिवसापासून ती कोणाच्या आड आली नाही.