मास्कमागचा श्वास

गल्ली त्याला वैमानिक म्हणायची, आणि हा बाबा कधी विमानाची पायरीसुद्धा चढला नव्हता. तो स्टुडिओतला साधा वायरमन. लढाऊ विमानांच्या त्या गाजलेल्या सिनेमात हिरो ढगांवर तरंगतो, तेव्हा मास्कमधून जो संथ श्वास ऐकू येतो, तो याचा. स्टीलच्या पेल्यात तोंड घालून दिलेला. तेव्हापासून स्वारी जमिनीवर कमीच असे. बल्ब बदलायला शिडीवर चढला की खालची फरशी त्याला ढगाआड गेलेली दिसायची.

"उतरा आता, विमानतळ मोकळा आहे," बायको शिडी धरून म्हणायची.

वर्षं गेली आणि त्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला. मधल्या काळात याला दम्याने गाठलं होतं. झोपेत श्वास मध्येच अडकायचा. मग बायको डोळे न उघडता पाठीवर थापटायची, "घ्या," म्हणायची, आणि श्वास परत यायचा. तरी स्टुडिओतल्या साउंड रेकॉर्डिस्टचं बोलावणं आलं तेव्हा गडी नवा शर्ट घालून गेला. पेल्यात तोंड घातलं, तर छातीतली शिट्टी साऱ्या खोलीला ऐकू आली.

"काका, राग मानू नका," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "श्वास दुसऱ्या एका तरुणाचा घेतो. तुम्ही फक्त एका जागेचा श्वास द्या. उंचावर हिरोची शुद्ध हरपते, श्वास थांबतो, मग परत येतो. तेवढं त्या पोराला जमत नाहीये."

त्याने ते केलं. घरी मात्र 'काम झालं' एवढंच म्हणाला. सिनेमाभर दुसराच कुणी श्वास घेतोय हे बायकोला कळलं, तर आपण कायमचे जमिनीवर, या धास्तीने त्याचा जीव अर्धा झाला होता.

थिएटरात पडदा निळा झाला. विमानं ढगांतून वर गेली, आणि त्या तरुणाचा गुळगुळीत श्वास अंधारभर पसरला. हा पडद्याकडे बघतच नव्हता. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती निवांत पॉपकॉर्न खात होती.

मग हिरोची मान कलली. श्वास थांबला. सगळं थिएटर चिडीचूप.

बायकोची नजर पडद्यावरच होती, पण तिचा हात आपसूक त्याच्या पाठीवर येऊन थापटू लागला.

"घ्या," ती म्हणाली.

बारीक शिट्टी वाजवत हिरोचा श्वास परत आला. शेजारच्या खुर्चीतलाही.

"बाकीचा कुणाचा होता हो?" तिने विचारलं.

"आहे एक तरुण."

"तरीच म्हटलं, मघापासून जीव का लागेना," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.