सातवी ‘ब’मधला बांगडा

माझ्या मावसभावाइतका माशांचा मान राखणारा माणूस अरबी समुद्रानेसुद्धा पाहिला नसेल. समुद्र माशांना नुसता वाढवतो. माझ्या मावसभावाने त्यांना शाळेत घातलं, बाकांवर बसवलं, त्यांची हजेरी घेतली आणि त्यांच्यावर एक अख्खा रॅप अल्बम केला. तो रॅप करतो हे लालबागच्या आमच्या चाळीत पहिल्यांदा फुटलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष अण्णा काळजीने म्हणाले होते, “डॉक्टरांना दाखवलंत का?” रॅप करणारी बाकीची पोरं स्वतःला काहीतरी जळजळीत टोपणनाव घेतात. याने घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, “नाव ठेवायला नातेवाईक आहेत ना!” म्हणून मीही त्याला इथे नाव देत नाही. मी त्याला दादा म्हणते, तो मला कॉम्रेड म्हणतो, कारण माझ्या वडिलांचा जन्म पत्रकं काढण्यात गेला आणि माझी बाराखडी त्या पत्रकांवर झाली. ‘क’ कमळाचा असतो हे मला शाळेत कळलं; घरी तो कामगाराचा होता.

दादा फोर्टमधल्या एका कुरिअर कचेरीत पाकिटांवर शिक्के मारतो. साधा माणूस शिक्का मारतो आणि पुढचं पाकीट घेतो. दादा दोन हलके, एक जड, मग क्षणभर थांबून पुन्हा एक जड असा मारतो. त्यामुळे त्याच्या टेबलासमोरच्या रांगेतली माणसं नकळत माना हलवू लागतात, आणि साहेबाला काहीतरी चुकतंय हे दिसतं, पण काय ते सापडत नाही. लग्नात आहेराचं पाकीट देताना तो आधी ते मांडीवर वाजवून बघतो. घरात त्याचा स्टुडिओ म्हणजे मावशीचं लाकडी कपाट. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, असा त्याचा शोध. तो आत शिरून दार लावून घेतो आणि फोनचा माइक पैठणीत खोचतो. एकदा त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात संतप्त ओळी चालू असताना मावशीने हळदीकुंकवाला जायची साडी काढायला दार उघडलं, त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, “तुका जेवण हयच वाढू काय?” तो प्रश्न अल्बममध्ये तसाच आहे. त्या गाण्याला डांबरगोळ्यांचा वास येतो असं मला अजून वाटतं.

बाकीचे सगळे आवाजही घरचेच आहेत. मावशी विळीवर मासा खवलते तो खर्रखर्र आवाज त्याने झांजेसारखा वापरला. माहीमहून आमच्याकडे येणारी कोळीण ओंडक्यावर कोयता मारते तो ढोलाच्या जागी. त्या कोयत्यासाठी तो कित्येक रविवार तिच्या पाटीसमोर फोन धरून उकिडवा बसलेला असायचा. मासा उचलायचा, डोळ्यांत बघायचा, पुटपुटायचा, खाली ठेवायचा. शेवटी ती वैतागली. “अरे, घेतोस का नुसता बघतोस? पोरगी पाहायला आलायस काय?” दादा गंभीरपणे म्हणाला, “मावशे, हा सुरमईचा तुकडा नाही गं, ही मुख्याध्यापिका आहे.” कोळणीने त्याला दोन बांगडे फुकट दिले. डोकं फिरलेल्याकडून पैसे घेऊ नयेत, असं तिचं म्हणणं पडलं.

तर अल्बमची कल्पना अशी. शाळेत दादाचा वर्ग इतका गोंगाट करायचा की बाई दारातूनच ओरडायच्या, “हा वर्ग आहे की मासळीबाजार?” सगळी शाळा हे वाक्य ऐकून मोठी झाली आणि विसरली. दादाच्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं. खरंच मासळीबाजार असता तर? म्हणून सातवी ‘ब’च्या वर्गात सगळे मासे. पापलेट स्कॉलर, बोंबील सगळ्याला हो म्हणणारा, खेकडा मॉनिटर, कारण तो सरळ चालूच शकत नाही. शिंपल्यातल्या तिसऱ्या म्हणजे तोंड मिटून बसलेल्या मैत्रिणी, उकळी फुटेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. आणि शेवटच्या बाकावर बांगडा, म्हणजे अर्थातच दादा स्वतः:

पापलेट पहिल्या बाकावर, पाडून मधोमध भांग,
बांगडा मागे उभा, बाई, शिक्षा काय ते सांग!
अंगावरचे पट्टे माझ्या छडीचे नाहीत, बाई,
जन्मतःच हा युनिफॉर्म, याला इस्त्री लागत नाही!

आता इथे माझा एक पराक्रम सांगायला हवा. अल्बमचं नाव त्याने मला मेसेजवर कळवलं, आणि घाईत अर्धंच पाठवलं: ‘वर्ग आहे’. बास! माझ्या अंगात बाबा संचारले. गिरणगावातल्या मुलीला ‘वर्ग’ म्हटल्यावर फळा आणि खडू दिसत नाही. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. ‘वर्ग आहे! होता! आणि बांगडा तो विसरणार नाही!’ पापलेट म्हणजे परदेशी निर्यात होणारं भांडवल, जवळा म्हणजे असंघटित कामगार, बोंबील म्हणजे कणा नसलेला मध्यमवर्ग. गठ्ठाभर छापूनही आणलं. दादाने शेवटपर्यंत शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “कॉम्रेड, हा शाळेतला वर्ग आहे गं. सातवी ब.”

“पण बोंबलाचं तर पटतं ना?”

“बोंबलाचं पटतं. पण पापलेट माझा दोस्त आहे यार. परीक्षेत दाखवायचा तो मला.”

मी बराच वेळ वाद घातला. माणसाच्या हाती एवढं मोठं हत्यार यावं आणि त्याने त्या हत्याराने नुसत्या गुदगुल्या कराव्यात, हे मला सहन होत नव्हतं. तो म्हणाला, “ठेव ती पत्रकं. कार्यक्रमात वाटू. वाया नाही जाणार.”

चाळीत कार्यक्रम करण्यात त्याचा जीव अडकला होता. नाक्यावरच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, परळच्या एका गच्चीवर त्याने दोनदा गाजवलंही होतं. पण ज्यांच्या तोंडून शब्द उचलले, त्या चाळीने एकही गाणं धड ऐकलं नव्हतं. आणि चाळ आता थोड्या दिवसांची होती. पुनर्विकासाच्या करारांवर सह्या झाल्या होत्या, दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. कोण कांदिवलीला भाड्याने घर बघत होतं, कोण डोंबिवलीला. चौकातला शेवटचा सार्वजनिक कार्यक्रम एकच उरला होता, त्यात दादाने वेळ मागितला आणि अण्णांनी दिलाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो कार्यक्रम म्हणजे श्रावणातली सत्यनारायणाची पूजा आहे.

मुंबईत अनेक घनघोर वाद झाले असतील, पण ‘माशाचं गाणं ऐकलं तर श्रावण मोडतो का’ यावर जेवढी डोकी आमच्या गॅलरीत तापली तेवढी कुठे तापली नसतील. एकजण म्हणाला, खाल्लं तर मोडतो, ऐकलं तर नाही. दुसरा म्हणाला, पण ऐकल्यावर खावंसं वाटतं, त्याचं काय? अण्णांनी तोडगा काढला. “अरे, बांगड्याच्या जागी भोपळा म्हण ना! चालीत बसतो.” दादा इतका भाबडा की त्याने खरंच तालीम करून पाहिली. ‘भोपळा मागे उभा, बाई…’ इथवर आला आणि थांबला. भोपळा उभा राहीना. पट्टे कुठून आणायचे? पापलेटच्या जागी कोबी बसवला, त्याला भांग पडेना. बोंबलाच्या जागी पडवळ वाकलं खरं, पण ते वाळत घालता येईना. संध्याकाळी तो कपाटात जाऊन बसला, आणि आतून काहीच आवाज आला नाही. मावशीने दोनदा दाराला कान लावलेला मी पाहिला.

त्याच आठवड्यात मावशी आणि मी कांदिवलीला एक भाड्याची खोली बघून आलो होतो. खोली चांगली होती, उजेड होता. एजंटने किल्ली फिरवत हसत विचारलं, “मासे-बिसे नाही ना बनवत? सोसायटीवाले कटकट करतात.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने माझा हात दाबला. कोळणीशी एका बांगड्यावरून तासभर भांडणारी माझी मावशी त्या दिवशी परतीच्या वाटेवर काहीच बोलली नाही.

ती बोलली मंडळाच्या सभेत. अण्णा सांगत होते की कार्यक्रम रद्द करू, उगाच देवासमोर माशांची नावं नकोत. मावशी सतरंजीवरून उठली, पदर खोचला.

“अण्णानू, तोंडात जाता तेचो उपास. तोंडातसून भायर येता तेचो खयचो उपास?”

मग ती सगळ्या सभेकडे वळली.

“आनी आमच्यात मासे खातत ह्या सत्यनारायणाक काय आज कळतला? भायरचे इचारतत ता मी गिळलंय. आता घरचेय इचारतले?”

अण्णांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, “कार्यक्रम आरतीनंतर. शिरा वाटून झाल्यावर.” मी आजवर शेकडो घोषणा लिहिल्या आहेत, पण एका वाक्यात सभा फिरवणं मला अजून जमलेलं नाही.

पूजेच्या संध्याकाळी चौक भरून गेला. श्रावणात धंदा बसलेला म्हणून कोळीणही नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत येऊन बसली होती. दादा ऑफिसच्याच शर्टात उभा राहिला आणि मागे तिचा कोयता वाजू लागला. “अगो बाय, ह्यो तर माझा हात हाय!” ती ओरडली, आणि तिथून लोक सैलावले. छडीच्या वळांवर बायका खिदळल्या. बोंबील आला,

कणा कुठाय विचारू नका, हजर म्हणतोय ना!
वाकवाल तसा वाकेन, फक्त वाळत घालू नका ना!

तेव्हा सगळ्या पुरुषमंडळींनी एकमेकांकडे बोटं दाखवली, आणि मध्यमवर्गाबद्दलचं माझं विश्लेषण कोणीही न वाचता मंजूर झालं. मग आलं शेवटचं गाणं. यात दादा विचारतो, ‘वर्ग आहे की…’ आणि श्रोत्यांनी ‘मासळीबाजार!’ ओरडायचं असतं. परळच्या गच्चीवर पोरं ओरडली होती. पण आमची चाळ म्हणजे अर्धं तळकोकण. तिथे पूजा झाली की एकजण माइकवर देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. लहानपणापासूनची सवय. त्यामुळे त्याच चौकात, त्याच माइकवर दादाने आवाज चढवून “वर्ग आहे की…” म्हटलं आणि हात वर करून थांबला, तेव्हा हात जोडून उभे राहिलेले अण्णा आणि त्यांच्यामागे अख्खी चाळ गरजली,

“व्हय म्हाराजा!”

एक क्षण दादा हादरला. पोरं हसू लागली. कोयता मागे वाजतच होता. दादाने चौकाकडे पाहिलं, वरच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पाठ केलेलं गाणं सोडून दिलं.

“बा सत्यनारायणा म्हाराजा! आज ही तुझी सातवी ब हयसर जमली हा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यातलो कोण कांदिवलेक जातलो, कोण डोंबिवलेक जातलो, तेका थंयसरव शेवटच्या बाकावर जागा गावांदे!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या दाराची कडी दुपारची उघडी रवांदे! तेच्या शेजाऱ्याक बांगड्याचो वास गोड लागांदे!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी तेच्या आवशीक परत कोणी इचारल्यान, काय शिजयतंस, तर तिका मान वर करून सांगाक येवंदे!”

आता ते ‘व्हय म्हाराजा’ जे झालं, ते नुसत्या गळ्यातून आलेलं नव्हतं. कोळीण खुर्चीवर उभी होती. अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मावशी नुसती बघत होती, आणि तिचे हात जोडलेले होते, ते देवाकडे की मुलाकडे हे मला नीट सांगता येणार नाही. माझ्या पत्रकाच्या चार पानांत जे मावलं नव्हतं, ते तिथे कोयत्याच्या ठोक्यावर उभं होतं.

पत्रकं वाया गेली नाहीत. द्रोण कमी पडले म्हणून शिरा त्यांच्यावर वाटला गेला. माझा विचार तुपासकट घरोघर पोचला.

आता चाळीच्या जागी पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा आहे. अल्बम मात्र जोरात आहे. मध्यंतरी दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये, ज्यांना मालवणीतलं अक्षर कळत नाही अशी पोरं माना हलवत ‘व्हय म्हाराजा’ ओरडत होती, आणि दादा स्टेजवर शिक्का मारतात तसा हवेत हात मारत होता. मावशी कांदिवलीला राहते, त्याच उजेडाच्या खोलीत नाही, दुसऱ्या. घर दाखवायला आलेल्या माणसाला तिने दारातच सांगितलं होतं, “आमी मासे खातो. बोल.” तो बिचारा म्हणाला, “आम्हीपण.”

अल्बममधलं शेवटचं गाणं दादाने बदललं. तिथे त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलंय, आणि ते साफ केलेलं नाही. घोष विरतो, खुर्च्या सरकतात, कोणीतरी माइक बंद करायला विसरलंय. मग लांबून मावशीचा आवाज येतो, “शिरो रवलो काय रे कोणाक?”

त्यानंतर थोडी शांतता आहे. मी ती दर वेळी शेवटपर्यंत ऐकते. एवढ्या मोठ्या चाळीतून एकही उत्तर येत नाही. सगळ्यांना मिळाला होता.